वहिनींनी लावलेलं झाकण

धाकटा दीर येणार असल्याचं कळलं तेव्हा वहिनी वरच्या खोलीतल्या गाद्या गच्चीत टाकून त्यांना ऊन दाखवत होत्या. खालून मुकादमांची, त्यांच्या नवऱ्याची, हाक आली. फोन ठेवल्याबरोबर ते जिन्याच्या तोंडाशी आले होते आणि आनंदाच्या भरात त्यांचे शब्द नेहमीपेक्षा जास्तच अडखळत होते. धाकटा शनिवारी येतोय, दोन रात्री राहणार आहे. आई येणार नाही म्हणतेय, पण तो येतोय.

वहिनींनी "बरं" म्हटलं आणि गादी उलटली. आपल्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं की काय, म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं. मुकादम तसेच उभे होते, हसत. मग वहिनींनी गादीवर उगाचच दोन-चार धपाटे जास्त घातले. 

त्यांचं गाव शांत. दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, मधून उतारानं पुलापर्यंत जाणारा एकच मोठा रस्ता. रस्त्यावर एक बेकरी, एक औषधांचं दुकान, दुपारी हमखास बंद असणारा न्हावी, आणि शेवटी वायनरीची लांबच लांब भिंत. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे यायचे. त्यांच्या बॅगांची चाकं फरसबंदीवरून खडखडत जायची, तेवढाच काय तो गोंगाट. काय शांतता आहे इथे, असं म्हणून ते दोन दिवस वाइन चाखायचे, फोटो काढायचे आणि रविवारी परत जायचे. वहिनी वरच्या दोन खोल्या त्यांना राहायला द्यायच्या. मुकादम त्यांना वायनरीची तळघरं दाखवायचे.

शांत गावाचा एक त्रास असतो. तिथे एखादी गोष्ट घडली की ती विरून जात नाही. तिच्यावर टाकायला दुसरी गोष्टच नसते. या गावात वहिनींची गोष्ट अशीच राहून गेली होती, आणि तिला सगळ्यांत जास्त ताजी ठेवली होती ती खुद्द मुकादमांनी. नवा पाहुणा उंबरठ्यात आला की ते म्हणायचे, "जपून राहा बरं का. ही बाई नवऱ्याला टाकीत ठेवून वर झाकण लावते." पाहुणे हसायचे. वहिनी किल्ली हातात द्यायच्या आणि गरम पाणी कधी येतं ते सांगायच्या.

पाहुण्यांना तो विनोद वाटायचा. पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

हे घडलं तेव्हा मुकादम खरोखरच वायनरीच्या टाक्यांवर मुकादम होते. धाकटा त्यांच्याच हाताखाली कामाला होता. दोघा भावांत बरंच अंतर. वडील लवकर गेल्यामुळे मुकादमांनीच त्याला वाढवलेलं. वहिनी हंगामात द्राक्षं निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहायच्या. सासूबाई घरी. चौघांचं घर, भांड्याला भांडं लागायचं तेवढंच.

वायनरीतल्या टाक्या सिमेंटच्या, दोन मजले उंच, ओळीनं बांधलेल्या. त्यांच्या माथ्यावरून चालायला वाट. प्रत्येक टाकीला वर एक गोल तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. खाली, जमिनीलगत, एक छोटं दार, बोल्टांनी आवळलेलं. द्राक्षं आंबून झाली की रस काढून घ्यायचा आणि मागे उरलेला सालांचा चोथा खालच्या दारानं बाहेर ओढायचा. चोथ्यातून तेव्हाही वायू येत असतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाण्यासारखा साठून राहतो आणि दिसत मात्र नाही. गावातल्या पोरासोरांनाही हे माहीत होतं. म्हणून नियम असा की आधी पंख्यानं टाकीत हवा मारायची, मग दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडायची. ज्योत विझली तर कुणी आत जायचं नाही.

त्या वर्षी पीक एकदम उतरलं. फाटकापासून पुलापर्यंत ट्रॅक्टर उभे, द्राक्षं उन्हात तापतायत, मालक सारखे येऊन विचारतायत की टाकी कधी रिकामी होणार. त्यातच एका टाकीच्या खालच्या दाराचे बोल्ट गंजून बसले. पंखा दुसऱ्या शेडमध्ये नेलेला होता. मुकादमांनी आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवला होता, पण त्या दुपारी त्यांचं डोकं तापलं होतं. वरून शिडी लावून आत उतरतो, दारापुढचा चोथा बाजूला केला की दारावरचा दाब कमी होऊन बोल्ट सुटतील, असं म्हणून ते फावडं घेऊन उतरले. वर पंपवाला उभा होता. त्याला दोन वेळा फावड्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा आला नाही.

पंपवाल्याची आरोळी ऐकून वहिनी पट्टा सोडून धावल्या. जिना चढून वर पोचल्या आणि गोल तोंडातून आत पाहिलं. मुकादम शिडीच्या पायथ्याशी, चोथ्याच्या ढिगावर आडवे पडले होते. एक हात शिडीच्या पायरीत अडकलेला, तोंड वर. झोपल्यासारखे.

पुढे काय झालं ते वहिनींनी नंतर कुणाला समजावून सांगितलं नाही, कारण त्यांचं त्यांनाच ते धड सांगता आलं नसतं. लहानपणी त्या एकदा आत्याकडे राहायला गेल्या होत्या. त्या गावात एक माणूस असाच टाकीत पडला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, भावाला काढायला तिसरा भाऊ. आत्याच्या खिडकीतून त्यांनी एकाच घरातून तिघांना नेताना पाहिलं होतं, आणि मागे दारात उभी असलेली त्यांची आई पाहिली होती. ती बाई रडत नव्हती. शेजारीण तिच्या अंगावर शाल घालत होती आणि शाल सारखी खाली पडत होती.

धाकटा दुसऱ्या टोकाकडून धावत येत होता. धावता धावताच त्यानं अंगातलं जाकीट काढून फेकलं. वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी पंपवाल्याला खाली जाऊन दाराचे बोल्ट तोडायला सांगितलं, लोखंडी झाकणाची कडी दोन्ही हातांनी धरली, ते ओढून टाकीच्या तोंडावर घेतलं आणि त्यावर बसल्या.

"वहिनी, उठा," धाकटा ओरडला.

"वरून कुणी जाणार नाही. खाली जा. दार तोडा."

"वहिनी, दादा आत आहे."

"मला माहीत आहे कोण आत आहे ते. खाली जा म्हणते ना."

त्यानं त्यांचे दोन्ही खांदे धरले. जिन्याच्या तोंडाशी पट्ट्यावरच्या दोन बायका येऊन थांबल्या होत्या, त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. धाकटा रडतोय, गयावया करतोय, वहिनींना गदागदा हलवतोय, आणि त्या दगडासारख्या बसून आहेत. मग तो वळला आणि एकेका उडीत तीन-तीन पायऱ्या उतरत खाली गेला.

खाली पंपवाला बोल्टवर हातोडा घालत होता. त्याला एकट्याला ते जमत नव्हतं. धाकट्यानं पहार अडकवली, दोघांनी मिळून जोर लावला. एक बोल्ट सुटला, दुसरा तुटला, तिसरा हलेना. वर वहिनींना झाकणातून प्रत्येक घाव जाणवत होता. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आपण आपल्या माणसाच्या डोक्यावर बसलोय, असं एकदा त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचे पाय आपोआप उठू पाहायला लागले. त्यांनी कडी आणखी घट्ट धरली. धाकटा परत वर आला तर? पंपवाल्याला वरून उतरायचं सुचलं तर? त्या बसून राहिल्या.

दार सुटलं तेव्हा चोथा भसकन बाहेर आला आणि त्याच्याबरोबर कोंडलेला वायू जमिनीवरून निघून गेला. चोथा ओढायचा आकडा मुकादमांच्या पायात अडकवून दोघांनी त्यांना बाहेर ओढलं. धाकट्याच्या बोटांची नखं उखडली होती, त्याला ते नंतर कळलं. मुकादमांचे ओठ निळे होते. पण दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्यांनी एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा.

मुकादम वाचले. महिनाभरानं घरी आले ते डावा हात अधू होऊन, बोलताना शब्द अडखळत, आणि नाकाला कसलाच वास येत नाही अशा अवस्थेत. टाक्यांचं काम सुटलं. घरी ते येण्याआधीच गोष्ट येऊन बसली होती. पट्ट्यावरच्या त्या दोघींनी ती गावभर केली होती, आणि खोटं त्यांनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. बायकोनं नवऱ्यावर झाकण लावलं. सख्खा भाऊ जीव द्यायला निघाला होता, तर त्याला जाऊ दिलं नाही.

सासूबाईंनी सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. तू माझ्या पोराच्या छातीवर बसलीस, एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि नंतर बोलल्याच नाहीत. वर्षाच्या आत धाकट्यानं लांबच्या शहरात काचेच्या कारखान्यात नोकरी धरली. सासूबाई त्याच्याबरोबर गेल्या. मुकादम त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वहिनी त्यांचा हात चोळायच्या, त्यांना भरवायच्या, आणि ते घास घ्यायचे, पण वर पाहायचे नाहीत.

एके दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "मी आत आहे हे माहीत असून लावलंस?"

"हो."

"मी मेलो असतो तर?"

"तर तुमच्या आईंना एक मुलगा तरी राहिला असता."

 त्या दिवशी संध्याकाळी ते पहिल्यांदा स्वतःहून उठून टेबलाशी येऊन बसले. त्यांनी माफ केलं की काय केलं, ते वहिनींना कधी कळलं नाही. पुढे तळघर दाखवायचं काम मिळालं, पाहुणे येऊ लागले, आणि तो झाकणाचा विनोद सुरू झाला. वहिनींना तो आवडायचा नाही, पण भिंतीपेक्षा विनोद बरा, म्हणून त्या गप्प बसायच्या.

गप्प बसायला दुसरंही कारण होतं. झाकणावर बसलेल्या असताना त्यांच्या खांद्यांवर धाकट्याचे हात होते. तो तरणाबांड गडी, पिंपं एकट्यानं फिरवणारा. वहिनींचा जीव तो केवढा. त्यानं मनात आणलं असतं तर त्यांना उचलून बाजूला ठेवलं असतं. तो ओरडत होता, रडत होता, आणि त्याच्या हातांत जोर नव्हता. हे बघणाऱ्यांना कळलं नाही. ज्याचे हात होते त्याला कळलं आणि जिच्या खांद्यांवर होते तिला कळलं. ते दोघं एकमेकांच्या नजरेला पुन्हा नजर देऊ शकले नाहीत. धाकटा गाव सोडून गेला तो आपल्यावर चिडून गेला, असं वहिनींनी सगळ्यांना समजू दिलं. त्याचं असं काही उघड्यावर यावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

आणि आता तो येत होता.

शनिवारी तो बसमधून उतरला. केस विरळ झाले होते, अंगानं सुटला होता. मुकादमांनी त्याला एका हातानं मिठी मारली. वहिनींना त्यानं "कशा आहात?" विचारलं, ते त्यांच्या चपलांकडे बघत. जेवताना मुकादमच बोलत होते. कुणाचा मळा विकला गेला, कोण गेलं, मालकाच्या मुलानं नवी यंत्रं कशी आणली. मग बोलता बोलता त्यांनी नेहमीचं सुरू केलं. हिनं झाकण लावलं नसतं तर हा पठ्ठ्या उडी मारून आत आला असता मला काढायला. धाकट्याच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरात टेकला. वहिनींनी उठून उगीचच खिडकी लावली.

रात्रभर वरच्या खोलीत येरझाऱ्यांचा आवाज येत होता. वहिनी ऐकत पडल्या होत्या.

सकाळी मुकादमांनी टूम काढली की तिघांनी वायनरीत जायचं. रविवार आहे, शेड रिकामी असेल, निवांत बघू. वहिनींनी कामं काढली, धाकट्यानं डोकं दुखतंय म्हटलं, पण मुकादम हट्टाला पेटले. किल्ल्या त्यांच्याकडे होत्याच.

शेडमध्ये गारवा होता आणि आंबट वास भरून राहिला होता. तो तिघांतल्या दोघांनाच येत होता. मुकादम भिंतीचा आधार घेत जिना चढले. ती टाकी आता वापरात नव्हती, पण झाकण तिथेच होतं. मुकादम त्याच्यापाशी थांबले आणि धाकट्याला म्हणाले, "सांग बघू, कसं झालं ते. ही कुठे होती, तू कुठे होतास. सगळं गाव सांगतं. तुझ्या तोंडून मी ऐकलेलंच नाही."

धाकटा झाकणाच्या कडीकडे बघत राहिला. खालून कुठूनतरी नळाचं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

"दादा," तो म्हणाला, "तुला वाटतं तसं…"

"खांदे धरले होते माझे," वहिनी मध्येच बोलल्या. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की शेडमध्ये घुमला. "असे ओढले की विचारू नका. आठ दिवस दंड काळेनिळे होते. मीच कडी सोडली नाही."

मुकादमांनी बायकोकडे पाहिलं. मग भावाकडे. त्यांचे शब्द अडखळले की ते ओठ आवळून वाट बघायचे, तसे ते उभे राहिले.

"काळेनिळे नव्हते," ते म्हणाले. "दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी मला शुद्ध आली तेव्हा तू माझे पाय चोळत होतीस. बाह्या वर केल्या होत्यास. मला बोलता येत नव्हतं, दिसत होतं. एक ओरखडासुद्धा नव्हता."

 धाकटा झाकणाशेजारच्या कठड्याला धरून खाली बसला. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

"मग इतकी वर्षं…" वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "माहीत होतं तर तसं का बोलत होतात सगळ्यांपुढे?"

"तू लपवत होतीस. मला वाटलं, तुला तसंच हवंय." मुकादम भिंतीला टेकले. "आणि यानं खरं काय ते म्हणावं तरी. एकदा तरी येऊन म्हणेल म्हणून बोलत होतो. चिडून म्हणेल, कसंही म्हणेल."

"मी घाबरलो होतो रे," धाकटा म्हणाला. "वहिनी झाकणावर बसल्या तेव्हा मला बरं वाटलं. तू आत होतास आणि मला बरं वाटलं. आई इतकी वर्षं मला शूर समजून पंगतीला बसवते आणि वहिनींना शिव्या देते, आणि मी जेवतो."

मुकादम त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यांना बसायला वेळ लागला, वहिनींनी दंडाला धरून बसवलं. त्यांनी धाकट्याचा उजवा हात घेतला आणि उलटून पाहिला. दोन नखं वेडीवाकडी आली होती.

"घाबरणारच," ते म्हणाले. "तुला काय वाटलं, आत उतरताना मी घाबरलो नव्हतो? तेव्हाच त्या भीतीचं ऐकलं असतं तर हे काहीच झालं नसतं. तू आत आला असतास तर बोल्ट कुणी काढले असते? पंपवाल्यानं? त्याला घरचं गेट उघडत नाही."

धाकटा हसला की रडला ते कळलं नाही. वहिनी दोघांपासून जरा लांब उभ्या होत्या.  इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते ज्याच्यापासून झाकलं त्यालाच माहीत होतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांना नवऱ्याचा राग आला, खरा, कडकडून राग. दोघांनी एकाच घरात, एकाच टेबलावर, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत दिवस काढले होते. हे त्या तिथेच बोलल्या असत्या. पण धाकटा उठून त्यांच्यापुढे आला आणि त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"आईला मी सांगणार आहे," तो म्हणाला.

"नका सांगू, भाऊजी. त्या म्हाताऱ्या झाल्या. कशाला."

"सांगणार आहे. तुम्ही आता मला अडवू नका."

वहिनी त्याच्या वाटेतून बाजूला झाल्या.

तिघं घरी आले. दुपारी वहिनींनी स्वयंपाक केला, मुकादमांच्या ताटात वाढताना त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांनीही आज गपगुमान खाल्लं. संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याला जे सुनावायचं ते सुनावलं, दार लावून, बराच वेळ. धाकटा वर ऐकत असेल याची त्यांना फिकीर वाटली नाही. मुकादमांनी ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, चुकलं माझं, आणि मग बऱ्याच वेळानं म्हणाले, पण तुझंही. ते खरंच होतं, हे वहिनींना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी धाकटा गेला. बस सुटताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वहिनींनी तो क्षणभर धरला. सासूबाईंना त्यानं सांगितलं. त्यांचं काय झालं, हे लगेच कळलं नाही. धाकटा फोनवर एवढंच म्हणाला की आई दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एकदा फोन वाजला. वहिनींनी उचलला, तर पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. वहिनींनी ओळखलं. त्याही काही बोलल्या नाहीत आणि त्यांनी फोन ठेवलाही नाही. खूप वेळानं पलीकडून सासूबाईंनी विचारलं, त्याचा हात आता कसा आहे. बरा आहे, वहिनी म्हणाल्या, थंडीत जरा आखडतो. तेल कोमट करून लाव, असं सांगून सासूबाईंनी फोन ठेवला.

वहिनी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग वर गेल्या. संध्याकाळच्या बसनं पाहुणे यायचे होते आणि मागच्या खोलीच्या चादरी अजून बदलायच्या होत्या.